अळीचं वय, डासाचा पत्ता

मागच्या अंकात कीटकांवर दोन पानं काय लिहिली, पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप मिळून एवढे प्रश्न आले की संपादकांनी सरळ सांगितलं, या वेळी लेख नको, नुसती उत्तरं द्या. अर्ध्या पत्रांत खून आहे आणि अर्ध्यांत डेंगू. माझ्या दृष्टीनं दोन्ही एकाच कपाटातले विषय आहेत, का ते उत्तरांत येईलच. निम्मे प्रश्न सारखेच होते म्हणून सहा निवडलेत.

प्रश्न : सर, सिरीयलमध्ये तो डॉक्टर चिमट्यानं एक अळी उचलतो आणि सांगतो की खून मंगळवारी रात्री साडेदहाला झाला. खरंच असं सांगता येतं का? — एक वाचक, कोल्हापूर

साडेदहा वगैरे विसरा. चिमटा खरा, अळी खरी, बाकी सगळं कथा लिहिणाऱ्याचं. अळीवरून कळतं ते माणूस कधी मेला हे नाहीच मुळी, कळतं ते माशीनं तिथं अंडी कधी घातली, आणि या दोन वेळांमध्ये कधी पंधरा मिनिटं असतात तर कधी दोन दिवस. मटण मार्केटात हिरवी-निळी चकाकणारी जाडजूड माशी बघितलीय ना, तीच ही. प्रेत दिवसाउजेडी उघड्यावर असेल तर ती काही मिनिटांत पोचते, पण रात्री ती सहसा अंडी घालत नाही, जोराचा पाऊस असेल तर घालत नाही, दारं-खिडक्या बंद असतील किंवा प्रेत चादरीत घट्ट गुंडाळलेलं असेल तर तिला वाट काढायला वेळ लागतो. म्हणून तज्ज्ञ कोर्टात काय म्हणतो, तर 'निदान इतके दिवस तरी झालेत'. त्या 'निदान' शब्दावर सगळं उभं आहे आणि सिरीयलवाले नेमका तोच गाळतात.

आता वय काढतात कसं. अळी तीन टप्प्यांत वाढते, दोनदा कात टाकते, मग कोष आणि मग माशी. अळीच्या मागच्या टोकाला श्वास घ्यायची दोन छिद्रं असतात, भिंगाखाली दोन तपकिरी डोळे वटारून बघतायत असं वाटतं, आणि विद्यार्थी पहिल्यांदा हमखास त्यालाच तोंड समजतात. त्या प्रत्येक 'डोळ्यात' चिरा असतात, पहिल्या टप्प्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. चिरा मोजल्या की टप्पा कळला. पण टप्पा म्हणजे वय नव्हे, मध्ये तापमान येतं. समजा एखाद्या जातीला एका टप्प्यापर्यंत यायला १६०० अंश-तास लागतात आणि १० अंशांच्या खाली तिची वाढ थांबते (आकडे माझे, हिशोब समजावा म्हणून घेतलेत). दहाच्या वर जितके अंश, तितके दर तासाला जमा होतात. ३० अंशांत दर तासाला २० अंश, म्हणजे ८० तास लागले. २० अंशांत तासाला १०च, म्हणजे १६० तास. एकच जात, एवढीच मोठी अळी, पण नागपूरच्या मार्चमध्ये सव्वातीन दिवसांची आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरमध्ये आठवड्याची किंवा त्याहून जास्तीची. त्यात अळ्यांचा गोळा झाला की तो स्वतःच तापतो, बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम होतो. आणि मेलेल्यानं कीटकनाशक प्यायलेलं असेल तर माश्या उशिरा येतात, अळ्याही रखडतात. हे सगळं धरून जे उरतं ते उत्तर.

या विषयातली गाजलेली केस आपल्याशी जोडलेली आहे हे फार जणांना माहीत नसतं. बुख्त्यार हकीम नावाचा मुंबईत जन्मलेला, इथंच डॉक्टरकी शिकलेला पारशी, इंग्लंडात लँकेस्टरला जाऊन बक रक्स्टन झाला आणि सप्टेंबर १९३५ मध्ये त्यानं आपली बायको इझाबेला आणि घरातली मोलकरीण मेरी रॉजरसन या दोघींना मारलं. तुकडे केले, वर्तमानपत्रात आणि कपड्यांत बांधले आणि स्कॉटलंडात मॉफॅटजवळच्या एका ओढ्यात टाकले. २९ सप्टेंबरला पुलावरून एका बाईला खाली हात दिसला. ग्लासगोच्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी अळ्या तपासल्या आणि सांगितलं की या १२ ते १४ दिवसांच्या आहेत, म्हणजे दोघी गायब झाल्या त्या तारखांशी गाठ पडली. नुसत्या अळ्यांवर तो फासावर गेला असं मात्र नाही हं. ज्या पेपरात तुकडे बांधले होते त्याची ती आवृत्ती फक्त लँकेस्टर-मोरकम भागातच विकली गेली होती, त्यानं तर घरापर्यंत बोट दाखवलं. १२ मे १९३६ ला मँचेस्टरला फाशी झाली. त्या अळ्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये अजून जपून ठेवल्यात. शरीरशास्त्र शिकलेल्या माणसानं ओळख पटू नये म्हणून चेहरे, बोटं सगळं खराब केलं, माश्यांचा विचार मात्र त्याच्या डोक्यात आला नाही.

प्रश्न : डासाच्या पोटातल्या रक्तावरून चोर पकडला असं फॉरवर्ड आलं होतं. थाप ना? — एक वाचक, नाशिकरोड

आश्चर्य म्हणजे थाप नाही. २००८ मध्ये फिनलंडला पोलिसांना चोरलेली गाडी सापडली, आत एक रक्त पिऊन टम्म फुगलेला डास दिसला, त्या रक्ताचा डीएनए पोलिसांच्या नोंदीतल्या एका माणसाशी जुळला. तो म्हणाला मी गाडी चोरली नाही, लिफ्ट घेतली होती. आता डासाला तरी काय माहीत कोण ड्रायव्हर आणि कोण शेजारी बसलेला! जपानच्या नागोया विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये दाखवलं की डासानं रक्त प्यायल्यावर साधारण दोन दिवसांपर्यंत कोणाचं रक्त ते ओळखता येतं, त्यानंतर ते पचून जातं.

कीटकांना साक्षीला बोलवायची कल्पना तशी फार जुनी. सुंग त्सं नावाच्या चिनी न्यायाधिकाऱ्यानं १२४७ मध्ये तपासावर पुस्तक लिहिलं, त्यात एका गावातली गोष्ट आहे. विळ्यानं खून झालेला. अधिकाऱ्यानं सगळ्यांना आपापले विळे आणून उन्हात मांडायला लावले, सगळे स्वच्छ, पण एकाच विळ्यावर माश्या घोंगावायला लागल्या. धुतलेलं रक्त माणसाला दिसत नव्हतं, माश्यांना वास येत होता. तो विळेवाला कबूल झाला.

आणि गंमत बघा, डासाच्या पोटातलं रक्त तपासणं हे पोलिसांच्या किती तरी आधीपासून हिवतापवाले करतायत. पहाटे गोठ्यातून, घरातून डास पकडायचे आणि पोटातलं रक्त गाईचं की माणसाचं ते बघायचं. आपल्या खेड्यातला हिवताप मुख्यतः ज्या डासामुळे पसरतो तो अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस जास्त करून जनावरांनाच चावतो, माणूस त्याला अधूनमधून चालतो. मग कुठल्या गावात तो माणसाकडे वळलाय हे कळणं महत्त्वाचं, कारण फवारणी कुठं करायची ते त्यावर ठरतं. त्याच टेबलावर मादीचा अंडाशयही उघडतात. त्यावरच्या बारीक नळ्या गुंडाळलेल्या असतील तर तिनं अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत, म्हणजे तरुण आहे. उलगडलेल्या असतील तर तिचं निदान एक बाळंतपण झालंय. हिवतापाचा जंतू डासाच्या अंगात तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात, तेव्हा तरुण मादी चावली तरी ती काही देत नाही, म्हातारी देते. अळीच्या वयावरून मागची तारीख काढायची, डासाच्या वयावरून पुढचा धोका. मी दोन्ही एकाच कपाटात ठेवतो ते यासाठी.

प्रश्न : आमच्या सोसायटीत महिन्यातून दोनदा फॉगिंग होतं, मेंटेनन्समध्ये त्याचे पैसे जातात, तरी यंदा एकाच विंगमध्ये चार जणांना डेंगू झाला. चेअरमन म्हणतात शेजारचा नाला कारणीभूत. मी सेक्रेटरी आहे, मीटिंगमध्ये काय सांगू? — एक ताई, कोथरूड, पुणे

ताई, नाल्याला सोडा. नाल्यात वाढतो तो क्युलेक्स, रात्री कानाशी गाणं म्हणणारा, तो हत्तीरोगाचा. डेंगूचा एडिस घाण पाण्यात सहसा जात नाही, त्याला तुमच्या घरातलं स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. पायांवर पांढरे पट्टे असतात, दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी, आणि जन्मला त्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं. एकाच विंगमध्ये चार पेशंट म्हणजे कारखाना त्याच विंगमध्ये किंवा तिच्या गच्चीवर आहे, असं समजून शोधायला लागा.

फॉगिंगचं सांगतो. धुरानं मरतो तो फक्त त्या क्षणी उडत असलेला डास. अंडी, अळी, कोष यांना काहीही होत नाही. एडिस आराम करतो पलंगाखाली, पडद्यामागं, कपाटात टांगलेल्या कपड्यांत, आणि धुराची गाडी आली की आपण काय करतो? खिडक्या लावून घेतो! म्हणजे डास आत, धूर बाहेर. त्यात गाडी येते संध्याकाळी सातनंतर, म्हणजे त्याचा चावायचा वेळ संपल्यावर. साथ भडकलेली असताना फॉगिंगला अर्थ आहे, पण दर पंधरा दिवसांनी धूर काढून सोसायटीला बरं वाटतं एवढंच.

मुख्य गोष्ट अंड्यांची. मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते, मिरीची पूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. पाणी ओतून दिलं तरी ते ठिपके तिथंच राहतात, वाळले तरी कित्येक महिने जिवंत, आणि परत पाणी भरलं की अळ्या सुरू. म्हणून 'कोरडा दिवस' म्हणजे नुसती बादली पालथी करणं नाही, काथ्यानं कडा घासून काढणं, आणि ते आठवड्यातून एकदा, कारण अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत सात-दहा दिवस पुरतात.

कुठं शोधायचं? फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, एसीच्या पाण्याची बादली, गच्चीवर पडलेलं टायर, झाकण नीट न बसलेली टाकी, आणि बंद फ्लॅटमधला कमोड (परदेशी गेलेल्यांच्या घरांची किल्ली कोणाकडे असते ते बघा). मनी प्लँट विसरू नका. हे मी शिकवायचो आणि माझ्याच टीव्हीवर ठेवलेल्या बाटलीत अळ्या सापडल्या, त्याही बायकोला. त्या दिवसापासून घरात माझ्या व्याख्यानांची किंमत कमी झालीय. अळ्या शेपटीनं टांगल्यासारख्या, डोकं खाली करून तिरक्या लटकत असतात, टॉर्च मारला की वळवळत तळाला जातात. टॉर्च घेऊन या एका रविवारी चार पोरांना बरोबर घ्या, पोरांना हे काम फार आवडतं. आणि हा डास नुसत्या डेंगूचा नाही, चिकुनगुन्या त्याचाच, झिकाही त्याचाच. राज्यातला पहिला झिकाचा पेशंट २०२१ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, पुरंदरमधल्या बेलसरला सापडला होता.

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे की मुंबईतल्या विहिरी सरकारनं डासांच्या नावाखाली बुजवल्या. खरं की आजोबांचा इंग्रजांवरचा राग? — एक वाचक, गिरगाव

दोन्ही खरं असेल. १९११ मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरचा मुंबईच्या हिवतापावरचा अहवाल आला. तोपर्यंत हिवताप म्हणजे दलदल, भातखाचरं, गाव असं डोक्यात बसलेलं, आणि हा माणूस म्हणाला की फोर्टसारख्या भर वस्तीत जो हिवताप आहे तो घराघरातल्या विहिरींतून आणि टाक्यांतून येतोय. तिथला डास अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी, अस्सल शहरी प्राणी, त्याला चिखल नको, विहीर, हौद आणि टाकी पाहिजे. मग विहिरी बुजवा नाहीतर झाका असा तगादा सुरू झाला आणि लोक भडकले, कारण विहीर म्हणजे पूजा, पारशी मंडळींना तर धर्मकार्याला विहिरीचंच पाणी लागतं. चर्चगेटला १७२५ ची भिखा बेहराम विहीर अजून आहे, बघून या. आज मुंबईत टाकीला घट्ट झाकण नसलं की महापालिकेची नोटीस येते ना, त्याचं मूळ तिथं आहे. स्टीफेन्सी अजून तसाच आहे, फक्त विहिरीतून गच्चीवर आणि बांधकामाच्या साइटवर राहायला गेलाय.

आजोबांनी प्लेगचंही सांगितलं असणार. १८९६ ला प्लेग आला तेव्हा सरकारनं घरं उपसली, माणसं उचलून कॅम्पात टाकली, पुण्यात त्यावरून रँडचा खून झाला, आणि हे सगळं चाललेलं असताना रोग उंदराच्या पिसवेतून येतो हे कोणाला माहीतच नव्हतं. १८९८ ला कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ते दाखवलं, तर बरीच वर्षं कोणी ऐकेना. नंतर मुंबईत लिस्टन नावाच्या डॉक्टरनं प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले, पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या, त्या वेचून तपासल्या. गिनीपिग म्हणजे चालता-फिरता पिसवांचा सापळा. घरं उपसायच्या आधी जर पिसू माहीत असती तर, असं माझ्या मनात नेहमी येतं.

प्रश्न : आमची काजूची बाग आहे. माकड मेलेलं दिसलं की आरोग्यवाले येऊन बागेत जाऊ नका म्हणतात. ऐन काजूच्या वेळी? गोचीड कीटक आहे का आणि माकडाचा त्याच्याशी काय संबंध? — एक बागायतदार, दोडामार्ग

आधी गोचीड. कीटक नाही, आठ पायांची, कोळ्याची नातेवाईक. पण अंड्यातून बाहेर पडते तेव्हा तिला सहाच पाय असतात, त्यामुळे गोंधळ होतो. अभ्यास मात्र कीटकवालेच करतात, दुसरं कोणी वाली नाही तिला.

माकडताप, म्हणजे गोचीड चावून माकडाला आणि माणसाला होणारा विषाणूचा ताप, १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, विषाणू ओळखला तो पुण्याच्या संस्थेनं, आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. गोव्यात सत्तरीला २०१५ मध्ये आणि तुमच्या बांदा-दोडामार्ग भागात २०१६ मध्ये त्याची साथ आली. माकड आजारी पडून मेलं की त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिड्या थंड अंग सोडून खाली पाल्यात उतरतात आणि पुढच्या गरम अंगाची वाट बघतात. तेव्हा मेलेलं माकड म्हणजे त्या जागेचा पत्ता. खबर दिलीत की ते तिथं औषध मारतात, म्हणून लपवू नका, हात तर अजिबात लावू नका. माणसाला चावते ती बहुतेक करून लहान, तिळाएवढी पिल्लू-गोचीड, आणि तिचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमचा काजूचा. 'बागेत जाऊ नका' हे सांगणाऱ्याला सोपं आहे, तुमचं वर्षाचं पोट त्यावर आहे हे मलाही कळतं. जावंच लागलं तर पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, गोचीड दूर ठेवणारं, आरोग्य केंद्रात मिळणारं डेपा तेल उघड्या अंगाला, सुक्या पाल्यावर बसून जेवायचं नाही, आणि घरी आल्या आल्या कपडे उकळत्या पाण्यात, आंघोळ, काखा-जांघा बघून घेणं. मेलेल्या माकडाच्या आसपासची झाडं मात्र यंदा सोडाच. आणि ताप आला तर डॉक्टरला 'बागेत गेलो होतो' हे पहिल्या वाक्यात सांगा.

प्रश्न : सर, मी बीएस्सी थर्ड इयरला आहे, झूलॉजी. मला फॉरेन्सिक एन्टोमॉलॉजीच करायचंय. घरचे म्हणतात माश्या मारत बसणार का. सुरुवात कशी करू? — एक विद्यार्थिनी, अमरावती

घरच्यांना सांग, मारत नाही, पाळणार आहे! पण खरं तेही सांगतो. नुसत्या गुन्हे-तपासाच्या कीटकशास्त्रावर आपल्याकडे पोट भरणं अवघड आहे, नोकऱ्या आहेत त्या रोगनियंत्रणात. जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या ऑफिसात कीटक समाहारक म्हणून पद असतं, नाव ऐकून हसू नकोस, पहाटे चारला उठून गोठ्यात टॉर्च आणि काचेची नळी घेऊन डास पकडणारा तो माणूस नसेल तर वरच्यांना अहवालात लिहायला काही नसतं. ते काम ज्याला येतं त्याला अळ्यांचंही येतं, ओळख पटवायची नजर तीच.

अळ्या गोळा करायची शिस्त आत्ताच शीक. सगळ्यात मोठ्या अळ्या घ्यायच्या, कारण त्या आधी आलेल्या. अर्ध्या गरम पाण्यात टाकून मारायच्या, उकळीच्या जवळचं पाणी, मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये. थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर आखडतात, काळ्या पडतात आणि लांबी मोजून काही उपयोग राहत नाही, नवखे लोक नेमकं इथंच पुरावा घालवतात. उरलेल्या अर्ध्या जिवंत ठेवायच्या, काळजाच्या तुकड्यावर वाढवून माशी बाहेर येईपर्यंत सांभाळायच्या, कारण अळीपेक्षा माशीची जात ओळखणं सोपं. आणि प्रेताच्या आसपासची माती दोन-तीन इंच उकरायची, वाढ झालेल्या अळ्या कोष करायला बाजूला सरकतात आणि सगळ्यात जुना पुरावा बहुतेक वेळा तिथं पडलेला असतो.

उन्हाळ्यात खाटकाकडून शंभर ग्रॅम बकऱ्याचं काळीज आण, बरणीत भुशावर ठेव, तोंड उघडं, शेजारी थर्मामीटर. माश्यांनी अंडी घातली की तोंडाला जाळीचं फडकं बांध आणि दर तीन तासांनी तापमान, अळीची लांबी, चिरा असं वहीत लिहीत जा, रात्रीचंही, गजर लावून. बरणी गच्चीवर ठेव, बाल्कनीत नको. आणि आईला आधी सांग. मी नव्हतं सांगितलं.